द्राक्षाच्या कंटेनरचा कार्बन हिशेब: न्हावा शेवा ते रॉटरडॅम

युरोपातल्या खरेदीदारांच्या फॉर्ममध्ये रेसिड्यू रिपोर्ट, ग्लोबलगॅप नंबर, पॅकहाऊस कोड हे रकाने जुनेच आहेत. त्यांच्या खाली आता आणखी एक रकाना दिसू लागला आहे: मालाच्या समुद्री वाहतुकीतून किती कार्बन उत्सर्जन झालं? नाशिक-सांगलीकडचा निर्यातदार तो फॉर्म फॉरवर्डरकडे, म्हणजे जहाजात जागा बुक करून देणाऱ्या एजंटकडे, सरकवतो, फॉरवर्डर शिपिंग लाइनच्या वेबसाइटवरचा आकडा उचलून देतो आणि विषय संपतो. पुढच्या हंगामात लाइन बदलते, आकडा निम्म्यावर येतो किंवा दुप्पट होतो, आणि खरेदीदार कारण विचारतो. तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे: निर्यातदाराच्या ऑफिसात कागद सांभाळणारे, फॉरवर्डरकडे नव्याने लागलेले, जहाजावर कॅडेट म्हणून आकडे भरणारे. गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित यात नाही. घोळ होतो तो कोणत्या आकड्याला कोणत्या आकड्याने गुणायचं, इथे. उदाहरणासाठी एकच माल घेऊ: द्राक्षांचा 40 फुटी रीफर (माल गार ठेवणारा) कंटेनर, आत 13 टन माल, न्हावा शेवाहून रॉटरडॅमला. जिथे "समजा" म्हटलंय तो आकडा हात बसावा म्हणून धरलेला आहे, तो फॉर्मात उतरवू नका.

थोडी पार्श्वभूमी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या, चौथ्या अभ्यासानुसार 2018 साली जहाजवाहतुकीतून सुमारे 105.6 कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. मानवनिर्मित उत्सर्जनाच्या तो 2.89 टक्के होता. एक टन माल एक किलोमीटर नेण्याचा हिशेब केला तर ट्रक आणि विमानापुढे जहाज फारच किफायतशीर आहे. पण अंतरं हजारो किलोमीटरची असतात, म्हणून बेरीज मोठी होते.

पायरी 1: हिशेब कोणाचा आणि कुठून कुठपर्यंत

पॅकहाऊसच्या दारापासून न्हावा शेवापर्यंत ट्रक, तिथे टर्मिनलवरची हाताळणी, मग जहाज, मध्ये कदाचित कोलंबो किंवा जेबेल अलीला जहाजबदल, रॉटरडॅमचं टर्मिनल आणि शेवटी खरेदीदाराच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत पुन्हा ट्रक. यातला कोणता भाग मागितलाय ते आधी विचारून घ्या. "समुद्री वाहतूक" म्हटलं तरी काहींना फक्त बंदर ते बंदर हवं असतं, काहींना दार ते दार.

दुसरा प्रश्न भाड्याचा. उत्सर्जन मोजण्याच्या जीएचजी प्रोटोकॉल या पद्धतीत भाडं कोणीही भरलं तरी वाहतूक स्कोप 3 मध्येच, म्हणजे दुसऱ्यांच्या हातून होणाऱ्या उत्सर्जनात येते, पण भाडं तुम्ही भरलं असेल तर श्रेणी 4 आणि समोरच्याने भरलं असेल तर श्रेणी 9. म्हणजे सीआयएफने (भाडं विकणाऱ्याचं) विकलेला माल एका रकान्यात, एफओबीने (भाडं घेणाऱ्याचं) विकलेला दुसऱ्यात. सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-समाज जबाबदारीच्या, अहवालात आकडे देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवत असाल तर ही विभागणी पहिल्या दिवसापासून ठेवलेली बरी. वर्षाअखेरीस दोनशे इनव्हॉइस उघडून इनकोटर्म (सीआयएफ, एफओबीसारखी विक्रीची अट) शोधत बसणं हा वेळेचा निव्वळ नास आहे.

तिसरी गोष्ट, आणि ही नवख्यांकडून हमखास सुटते: उत्सर्जन टाकीपासून मोजायचं की विहिरीपासून? जहाजाच्या टाकीतलं इंधन जळून धुराड्यातून जे बाहेर पडतं ते टँक-टू-वेक. ते इंधन जमिनीतून काढणं, रिफायनरीत शुद्ध करणं, बंदरापर्यंत आणणं हे सगळं धरलं की वेल-टू-वेक. नेहमीच्या जड तेलाच्या बाबतीत दोन्हींत सतराएक टक्क्यांचा फरक पडतो. मालवाहतुकीच्या उत्सर्जनासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 14083 मार्च 2023 मध्ये आलं, ते विहिरीपासूनचाच हिशेब मागतं. ते प्रत्यक्षात कसं वापरायचं हे स्मार्ट फ्रेट सेंटर या संस्थेच्या जीएलईसी फ्रेमवर्कमध्ये आहे. खरेदीदाराने काहीच सांगितलं नसेल तर आयएसओ 14083 धरा आणि तसं लिहून टाका.

पायरी 2: कागद

बिल ऑफ लेडिंग (बीएल, माल जहाजावर घेतल्याची पावती), बुकिंग कन्फर्मेशन, पॅकिंग लिस्ट आणि व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या तपासलेल्या वजनाचा दाखला). एवढ्यावर भागतं. यातून कंटेनरचा आकार, मालाचं वजन, जहाजाचं नाव, व्हॉयेज नंबर, चढवण्याचं आणि उतरवण्याचं बंदर मिळतं. बीएलवर बहुतेक वेळा एकाच जहाजाचं नाव असतं. मध्ये जहाजबदल असेल तर राहिलेलं जहाज लाइनच्या ट्रॅकिंग पानावरून लिहून घ्या, आणि तेही माल पोहोचला की लगेच. काही महिन्यांनी ते पान उघडेलच याची खात्री नाही.

जहाजाच्या नावापेक्षा त्याचा सात आकडी आयएमओ नंबर टिपून ठेवा. मालक बदलला की नाव बदलतं, झेंडा बदलतो, नंबर बदलत नाही. नंबर टाइप करताना चुकलाय का हे तपासायची एक छान युक्ती त्यातच आहे. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे नंबराचा सातवा अंक. 9074729 घ्या: 63, 0, 35, 16, 21 आणि 4, बेरीज 139, शेवटचा अंक 9. जुळला. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून टाकलं की निम्म्या चुका दारातच अडतात.

वजनाबद्दल एक सूचना. दर किलोमागे आकडा काढायचा असेल तर भागाकार निव्वळ मालाच्या वजनाने करायचा की पेट्या, पॅलेटसकट ढोबळ वजनाने, ते ठरवून घ्या. आयएसओ मानकात वाहतुकीसाठी दिलेल्या मालाचं वजन पॅकिंगसकट धरतात, कंटेनरचं स्वतःचं वजन धरत नाहीत. सुपरमार्केटला मात्र बहुधा 500 ग्रॅमच्या पनेटमागचा (फळाच्या छोट्या डब्यामागचा), म्हणजे निव्वळ फळामागचा आकडा हवा असतो. खालच्या उदाहरणात मी 13 टन हे निव्वळ फळ धरलंय.

पायरी 3: अंतर

न्हावा शेवा ते रॉटरडॅम सुएझ कालव्यातून सुमारे 6,300 सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणजे अंतर झालं साधारण 11,670 किलोमीटर. आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून गेलं तर सुमारे 10,800 मैल, म्हणजे 20,000 किलोमीटर.

नोव्हेंबर 2023 मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंटेनर लाइन्सनी आपली जहाजं केपकडे वळवली. नाशिकच्या निर्यातदारांना याचा पहिला फटका भाड्यात आणि फळाच्या टिकाऊपणात बसला. कार्बनच्या हिशेबात त्याने जो गोंधळ घातला तो हळूहळू दिसतोय, त्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

तूर्तास इतकंच लक्षात ठेवा: जहाज प्रत्यक्ष जेवढं फिरलं ते अंतर वेगळं, आणि नकाशावर बंदर ते बंदर सर्वांत जवळच्या जलमार्गाचं अंतर वेगळं. जहाज मुंद्राला थांबतं, जेद्दाला थांबतं, वादळ टाळतं, कालव्याच्या तोंडाशी नांगर टाकून बसतं. आयएसओ 14083 मध्ये मालाच्या बाजूने अंतर धरायचं ते नकाशावरचं. जहाजाने वाटेत घेतलेला फेरा तुमच्या मालाचं "काम" वाढवत नाही, फक्त त्या कामासाठी जळालेलं इंधन वाढवतो.

पायरी 4: इंधनातून गुणक

इथे थोडं थांबू, कारण बाकीचं सगळं या पायरीवर उभं आहे. टन इंधन जळालं की किती टन कार्बन डायऑक्साइड, याचे आयएमओने ठरवलेले गुणक आहेत. जड तेल 3.114, हलकं फर्नेस तेल 3.151, मरीन डिझेल किंवा गॅस ऑइल 3.206, एलएनजी 2.750, मिथेनॉल 1.375. एक टन तेलातून तीन टन वायू कसा, असं नव्या माणसाला वाटतं. तेलातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि वजन त्या ऑक्सिजनने वाढतं, इतकंच.

जळालेलं इंधन मोजलं जातं जहाजावर. बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेताना मिळणाऱ्या बंकर डिलिव्हरी नोटवर किती टन, कोणत्या ग्रेडचं, 15 अंश सेल्सियसला घनता किती हे असतं. रोज दुपारी नून रिपोर्ट जातो: चोवीस तासांत किती मैल, मेन इंजिनने किती खाल्लं, जनरेटरने किती, बॉयलरने किती. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतची कितीतरी मुलं जहाजांवर आहेत. त्यांनी इंजिन रूममध्ये घेतलेली साऊंडिंग (टाकीतल्या तेलाच्या पातळीचं माप) पुढे लाइनच्या सस्टेनेबिलिटी अहवालात जाऊन बसते. म्हणून कॅडेटसाठी एक बाब सविस्तर सांगतो. टाकीतलं जड तेल तापवून ठेवलेलं असतं. 15 अंशाला 991 घनता (घनमीटरला 991 किलो) असलेलं तेल 50 अंशाला तसं राहत नाही, ते फुगतं. साऊंडिंगने 100 घनमीटर आलं म्हणून 99.1 टन लिहू नका. दर अंशाला 0.00064 ची दुरुस्ती केली की 35 अंशांच्या फरकाने ते 96.9 टनांवर येतं. दोन टनांची ही तफावत गुणकाने गुणली की सहा-सात टन कार्बन डायऑक्साइड होतो. बंकर भरताना तेलात हवा मिसळून फेस आणायचे प्रकारही चालतात. धंद्यात त्याला कॅपुचिनो म्हणतात, आणि त्यासाठीच तेल निवळल्यावर पुन्हा साऊंडिंग घेतात.

आता उदाहरण. समजा 7,000 टीईयू (20 फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, 40 फुटी म्हणजे दोन) क्षमतेचं जहाज 15 नॉटच्या, म्हणजे तासाला 15 सागरी मैलांच्या, वेगाने सुएझमार्गे गेलं. रीफर कंटेनरांना दिलेली वीज बाजूला काढून उरलेलं इंधन 1,200 टन जड तेल आणि 60 टन गॅस ऑइल.

1,200 गुणिले 3.114 म्हणजे 3,737 टन. 60 गुणिले 3.206 म्हणजे 192 टन. एकूण 3,929 टन कार्बन डायऑक्साइड, टँक-टू-वेक.

यात विहिरीपासूनचा भाग मिळवायचा. युरोपच्या फ्युएलईयू मेरीटाइम नियमात जड तेलासाठी 13.5 आणि गॅस ऑइलसाठी 14.4 ग्रॅम प्रति मेगाज्यूल असे ठोक आकडे आहेत. एक टन जड तेलात 40.5 गिगाज्यूल आणि गॅस ऑइलमध्ये 42.7 गिगाज्यूल ऊर्जा धरतात. हिशेब केला की 693 टन येतात. धुरातल्या मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचे साठएक टन जोडा. बेरीज 4,680 टनांच्या आसपास.

जहाजात 80 टक्के जागा भरली होती असं धरलं तर 5,600 टीईयू. त्याला 11,670 ने गुणलं की साडेसहा कोटी टीईयू-किलोमीटर. 4,680 टनांना त्याने भागा: एका टीईयूला एका किलोमीटरमागे 72 ग्रॅम, हा झाला वाहतुकीचा गुणक. नुसतं टँक-टू-वेक धरलं असतं तर 60.

आता भरणा 80 ऐवजी 70 टक्के धरून पाहा. इंधन तेवढंच ठेवलं तर 72 चे 82 होतात. एसटी निम्मी रिकामी धावली तरी डिझेल जवळपास तेवढंच लागतं, तसंच हे. म्हणून एखाद्या फेरीचा आकडा हा गणित समजण्यासाठी ठीक, खरेदीदाराला देण्यासाठी नाही. येताना जहाज रिकाम्या डब्यांनी भरलेलं असेल तर त्या इंधनाचा बोजा कोणी उचलायचा? मानकाचं उत्तर असं की वर्षभरातल्या जाण्यायेण्याच्या सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढायची.

वेगाचा परिणाम तर भल्याभल्यांना चकवतो. दिवसाचं इंधन ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. 15 चे 17 नॉट केले की दिवसाला सुमारे 45 टक्के जास्त इंधन, आणि जहाज लवकर पोहोचत असल्यामुळे मैलामागे 28 टक्के जास्त. भाडं वाचवायला नव्हे, हंगाम गाठायला जहाज पळवलं जातं तेव्हा हे होतं.

एलएनजीवर चालणाऱ्या जहाजाचा 2.750 हा गुणक बघून खूश होण्याआधी इंजिनाचा प्रकार विचारा. काही इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच निसटतो. मध्यम गतीच्या दुहेरी इंधनाच्या इंजिनांसाठी युरोपचा ठोक आकडा 3.1 टक्के आहे. टनामागे 31 किलो मिथेन, शंभर वर्षांच्या मापाने 28 पट, म्हणजे 868 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. नुसता कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या अहवालात तो कुठेच दिसत नाही.

पायरी 5: तयार गुणक वापरताना

निर्यातदाराच्या हातात जहाजाचे इंधनाचे आकडे येत नाहीत हे उघड आहे. तुम्ही वापरणार तो तयार गुणक. क्लीन कार्गो या गटात मोठ्या कंटेनर लाइन्स आपले आकडे देतात आणि त्यातून दरवर्षी व्यापारमार्गनिहाय सरासरी निघते, साध्या कंटेनरची वेगळी आणि रीफरची वेगळी. तुमच्या लाइनचा त्या मार्गाचा स्वतःचा गुणक मिळाला तर उत्तम. लाइनच्या माणसाला मेल करा, बहुतेक वेळा मिळतो. नाही मिळाला तर मार्गाची सरासरी, तीही नसेल तर जीएलईसीचा ठोक आकडा. इकोट्रान्झिटसारखी गणनयंत्रं याच पद्धतीने चालतात, मात्र त्यांनी आत काय धरलंय ते वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

आणि इथेच तो केपचा घोळ. क्लीन कार्गोचे गुणक जहाज प्रत्यक्ष फिरलेल्या अंतराने भागून काढलेले असतात. तुम्ही ते नकाशावरच्या अंतराने गुणता. त्यामुळे वाटेतल्या फेऱ्यांसाठी 15 टक्के वाढवायचे असा रिवाज आहे. काही तक्त्यांत ही वाढ आधीच मिसळलेली असते, काहींत नसते. दोनदा लावली की आकडा फुगतो, विसरली की रोडावतो.

जहाज केपवरून गेलं आणि मैलामागचं इंधन तेवढंच राहिलं असं समजा. आपल्या 40 फुटी कंटेनरचे, म्हणजे दोन टीईयूचे, रीफरची वीज सोडून किती होतात? 2 गुणिले 20,000 गुणिले 72, म्हणजे 2,880 किलो. बरोबर.

दुसऱ्या माणसाने केपचं तेच इंधन घेतलं, पण भागाकार सुएझच्या अंतराने केला. त्याचा गुणक आला 123 ग्रॅम. त्याने तो सुएझच्या 11,670 ने गुणला. उत्तर पुन्हा 2,880 च्या घरात. तेही बरोबर.

तिसऱ्याने पहिल्याचं अंतर आणि दुसऱ्याचा गुणक घेतला: 4,940 किलो. चौथ्याने उलट केलं, अंतर सुएझचं आणि गुणक 72: 1,680 किलो.

कंटेनर तोच, जहाज तेच, आणि आकडा 1,680 पासून 4,940 पर्यंत कुठेही. खरेदीदाराला दोन हंगामांत मिळालेल्या वेगवेगळ्या आकड्यांमागे बऱ्याचदा एवढंच असतं. म्हणून गुणक देणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: हा कोणत्या अंतराने भागलाय, आणि 15 टक्के यात आहेत का? उत्तर लेखी घ्या.

पायरी 6: रीफरची वीज

द्राक्षं, आंबा, मासळी, कोळंबी पाठवणाऱ्यांनी ही पायरी गाळली तर बाकीचं सगळं फुकट. रीफर जहाजावर प्लगला लावलेला असतो आणि ती वीज जहाजाचे जनरेटर इंधन जाळून बनवतात.

समजा आपला कंटेनर सरासरी 3 किलोवॉट ओढतो आणि बंदरांवरच्या थांब्यांसकट 22 दिवस जहाजावर आहे. 22 गुणिले 24 गुणिले 3 म्हणजे 1,584 युनिट. युनिटमागे 220 ग्रॅम इंधन धरलं तर 348 किलो. विहिरीपासूनचा गुणक साधारण 3.7 घ्या. आले 1,290 किलो.

सुएझमार्गे नुसत्या वाहतुकीचे 1,680 होते. म्हणजे एकूण 2,970 किलोंमध्ये गारव्याचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त. किलोभर द्राक्षांमागे 228 ग्रॅम, 500 ग्रॅमच्या पनेटमागे 114. केपवरून 33 दिवस लागले तर वीज 1,930 किलो, वाहतूक 2,880, एकूण 4,810 आणि किलोमागे 370 ग्रॅम.

3 किलोवॉट हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. प्रीकूलिंग नीट न करता गरम माल भरला तर सुरुवातीचे दिवस कॉम्प्रेसर थांबतच नाही. वेंट (हवेची झडप) किती उघडा ठेवलाय, सेट पॉइंट (आत ठेवायचं तापमान) काय, बाहेरची हवा किती तापलेली, कंटेनर नवा की जुना, सगळ्याचा फरक पडतो. निर्यातदाराच्या हातात या संपूर्ण साखळीत जे थोडं आहे त्यात प्रीकूलिंग पहिलं. फळासाठी तुम्ही ते करताच, कार्बनच्या रकान्यातही त्याचा उपयोग होतो हे खरेदीदाराला सांगायला हरकत नाही. तापमानाचा डेटा लॉगर लावत असाल तर फाइल जपून ठेवा.

गॅसगळतीचाही हिशेब मानकात आहे. रीफरमध्ये सर्रास असणाऱ्या आर-134ए या गॅसचा एक किलो निसटला तर तो 1,300 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. एका कंटेनरची गळती तुम्हाला मोजता येणार नाही. लाइनच्या गुणकात ती धरली आहे का, एवढं विचारा.

तयार रीफर गुणक वापरत असाल तर वीज त्यातच असते. वर काढलेले 1,290 किलो त्यात पुन्हा मिळवू नका. आणि साध्या कंटेनरचा गुणक घेऊन रीफरला लावणं हा प्रकार तर इतका सर्रास दिसतो की समोरच्याचा आकडा संशयास्पद कमी आला की मी आधी तेच तपासतो.

पायरी 7: आकडा ताडून पाहणं

युरोपच्या एमआरव्ही नियमाखाली 5,000 ग्रॉस टनेजवरची जहाजं 2018 पासून आपलं उत्सर्जन कळवतात. थेटिस-एमआरव्ही या सार्वजनिक संकेतस्थळावर आयएमओ नंबर टाकला की त्या जहाजाचं वर्षाचं इंधन, कार्बन डायऑक्साइड आणि मैलामागची सरासरी दिसते. यात फक्त युरोपीय बंदरांशी जोडलेल्या फेऱ्या असतात, त्यामुळे आपल्या कामाला बरोबर बसतं. आयएमओचीही अशी नोंद 2019 पासून आहे, पण त्यात जहाजाचं नाव-गाव जाहीर होत नाही.

सीआयआय या जहाजाच्या कार्बन कार्यक्षमतेच्या श्रेणीवर मात्र विसंबू नका. 2023 पासून जहाजांना ए ते ई अशा श्रेणी मिळतात. कंटेनर जहाजांसाठी त्यामागचं सूत्र वर्षाचा कार्बन डायऑक्साइड भागिले जहाजाची वहनक्षमता आणि कापलेले मैल असं आहे. क्षमता, प्रत्यक्ष माल नव्हे. रिकामं जहाज हलकं असतं, इंधन कमी खातं आणि कागदावर चांगलं दिसतं. तुमच्या कंटेनरचा वाटा त्यातून कळत नाही.

भाड्याच्या बिलावरच्या एमिशन सरचार्जवरूनही उलट हिशेब करू नका. युरोपची ईटीएस, म्हणजे उत्सर्जनासाठी पैसे मोजायला लावणारी व्यवस्था, जहाजांना जानेवारी 2024 पासून लागू झाली, पण टप्प्याटप्प्याने: 2024 च्या उत्सर्जनाच्या 40 टक्क्यांवर, 2025 च्या 70 टक्क्यांवर आणि 2026 पासून पूर्ण. शिवाय युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचं निम्मंच उत्सर्जन धरलं जातं, आणि तेही युरोपच्या आधीच्या शेवटच्या थांब्यापासून. तो थांबा जेद्दा असेल तर न्हावा शेवा ते जेद्दा हिशेबातच नाही. पळवाट नको म्हणून पूर्व पोर्ट सईद आणि टँजर मेड इथे कंटेनर जहाज थांबलं तरी तो शेवटचा थांबा म्हणून मोजत नाहीत. एवढ्या चाळण्यांतून आलेला रुपयांचा आकडा किलोत बदलण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

नाशिकहून ट्रकचं काय? दार ते दार हिशेब असेल तर हवाच. जाऊन-येऊन 400 किलोमीटर, लिटरला 3 किलोमीटर धरले तर 133 लिटर डिझेल, लिटरला 2.68 किलोने 357 किलो, आणि विहिरीपासूनचा भाग वेगळा. रस्त्यात रीफरला वीज देणाऱ्या जेनसेटचं डिझेल त्यात मिळवा. रिकामा कंटेनर यार्डातून आणलेली फेरीही तुमच्याच नावावर.

पायरी 8: उत्तर लिहिताना

आकडा एकटा पाठवू नका. त्याखाली चार ओळी हव्यात. आपल्या उदाहरणापुरता नमुना असा:

"1 x 40 फुटी रीफर, निव्वळ माल 13 टन, न्हावा शेवा ते रॉटरडॅम, बंदर ते बंदर. एकूण 2,970 किलो सीओटू समतुल्य, वेल-टू-वेक, पद्धत आयएसओ 14083. अंतर 11,670 किमी, सुएझमार्गे सर्वांत जवळचा जलमार्ग. गुणक अमुक लाइनचा, अमुक वर्षाचा, 15 टक्के अंतरवाढ समाविष्ट आहे/नाही, रीफरची वीज समाविष्ट. टर्मिनल आणि रस्ता वगळून."

लाइनने जैवइंधनाचं "ग्रीन" भाडं विकलं असेल आणि तुम्ही ते घेतलं असेल, तर त्यातून झालेली घट वरच्या आकड्यातून वजा करू नका. वेगळ्या ओळीत, प्रमाणपत्राच्या नंबरासकट लिहा. ते इंधन तुमच्या जहाजात जळलेलं नसतंच बहुधा, लाइनच्या दुसऱ्या कुठल्या तरी जहाजात जळालेलं असतं आणि घट तुमच्या नावावर मांडलेली असते. तसं करण्याचे नियम आहेत, पण तीच घट दोघांना विकली गेली नाही हे दाखवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रावर असते.

गुणकांचे तक्ते दरवर्षी बदलतात. हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि त्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे पुढच्या वर्षीच बाहेर येतात. म्हणून आत्ता दिलेला आकडा मागच्या वर्षाच्या गुणकावरचा आहे हे फॉर्मात लिहा, आणि एक्सेलमध्ये गुणकाचा रकाना वेगळा ठेवा. नवा तक्ता आला की तेवढा एकच रकाना बदलायचा आणि जुनी शीट तारखेसकट तशीच जपून ठेवायची.